‘परवापर्यंत अगदी नीट होते’

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

खुब्याच्या ऑपरेशनवर दोन अंकांपूर्वी लिहिलं, तेव्हा पत्रं हाडाबद्दल येतील असं वाटलं होतं. बहुतेक आली ती ऑपरेशननंतर माणूस बरळायला लागला त्याबद्दल. काही पत्रांत ऑपरेशनचा संबंधही नाही. ताप, साखर, दारू, ऊन अशी कारणं आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक वाक्य मात्र सारखं आहे : ‘परवापर्यंत अगदी नीट होते.’ हे वाक्य जपून ठेवा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा तेच सांगा. निदानाचं निम्मं काम त्यानेच होतं. पत्रं थोडी आवरून घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

सासरे ७८ वर्षांचे. घरात पाय घसरून पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणू लागले, सलाईन ओढून काढलं, वारलेल्या भावाला हाका मारत होते. सकाळी चहा मागितला, मला ओळखलं. संध्याकाळी पुन्हा तेच. कुणी म्हणतं भूल जास्त झाली, कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम झाला. खरं काय? (मिरज)

याला डॉक्टर डिलिरियम म्हणतात. कोशातला शब्द ‘मुग्धभ्रांती’ आहे, पण वॉर्डात तो कुणाच्या तोंडी नाही. आपल्या आज्यांकडे यासाठी नेमका शब्द होता : वात. ‘तापात वात झालाय’, ‘वातात बडबडतोय’. विषमज्वराच्या तिसऱ्या आठवड्यात अंथरूण चाचपणारा, हवेतलं काहीतरी वेचणारा रुग्ण त्यांनी पाहिलेला असायचा. सांधे धरणारा वात वेगळा, एवढं लक्षात ठेवलं की हा शब्द आजही चालेल.

सासऱ्यांना वेड लागलेलं नाही. शरीरात दुसरीकडे कुठेतरी बिघाड झाला आहे आणि त्याचा भार मेंदूला पेलवत नाही. लक्ष एका जागी ठेवण्याचं काम मेंदूत ज्या रसायनांवर चालतं त्यातलं ॲसिटिलकोलीन कमी पडतं, डोपामिनचा जोर वाढतो, आणि जखमेमुळे किंवा जंतुसंसर्गामुळे रक्तात उतरलेले दाहकारक पदार्थ त्यात भर घालतात, असं आज मानलं जातं. म्हणून सगळ्यात आधी जातं ते लक्ष. मुंग्या दिसणं, भावाला हाका मारणं हे नजरेत भरतं, पण ते नसलं तरी डिलिरियम असू शकतो.

निदान कसं करतात? १९९० साली अमेरिकेतल्या डॉ. शॅरन इनूय यांनी मांडलेली पद्धत जगभर वापरली जाते. त्यात चार गोष्टी पाहतात. पहिली, बदल काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झाला आणि दिवसभरात कमी-जास्त होत राहिला. दुसरी, लक्ष टिकत नाही. तिसरी, बोलणं विस्कळीत, एका विषयातून दुसऱ्यात घसरणारं. चौथी, जाग नेहमीसारखी नाही : एकतर पेंगतात किंवा नको इतके ताठ, बिथरलेले असतात. पहिल्या दोन्ही हव्यातच, आणि तिसरी किंवा चौथी यांपैकी एक. सासऱ्यांचं सकाळी चहा मागणं आणि संध्याकाळी पुन्हा बिघडणं ही पहिलीच खूण आहे. डॉक्टरांची फेरी सकाळी दहाला होते, तेव्हा हे शहाण्यासारखे बोलत असतात, आणि रात्री काय झालं ते फक्त तुम्हालाच माहीत असतं. ते सांगितलं नाही तर निदान हुकतं.

भुलीबद्दल : संशय बहुतेकदा चुकीचा असतो. खुब्याच्या ऑपरेशनसाठी कमरेत सुई देऊन केलेली भूल आणि पूर्ण भूल यांची तुलना करणाऱ्या अलीकडच्या मोठ्या चाचण्यांत डिलिरियमचं प्रमाण दोन्हींत सारखंच निघालं. या ऑपरेशननंतर साधारण चार वृद्धांमागे एकाला हा त्रास होतो, आणि तोही बहुधा पहिल्या तीन दिवसांत. काठोकाठ भरलेल्या घागरीचं उदाहरण घ्या. वय, कमी ऐकू येणं, मोतीबिंदू, पूर्वीचा पक्षाघात, आधीच थोडं विसरणं यांनी घागर भरत आलेली असते. तरुण माणसाची घागर सांडायला मेंदूज्वर किंवा जबर मलेरिया लागतो. ७८ वर्षांच्या माणसाला चार दिवसांची बद्धकोष्ठता, दाबून ठेवलेलं दुखणं आणि घरी राहिलेला चष्मा एवढं ओंजळभर पाणीही पुरतं.

म्हणून डॉक्टरांना विचारा : दुखण्याचं औषध ठरल्या वेळेला मिळतंय की मागितल्यावर? लघवी तुंबली आहे का? शौचाला केव्हा झाली? ऑक्सिजन, हिमोग्लोबिन, सोडियम किती? छातीत कफ? आणि ऑपरेशननंतर कोणती नवी औषधं सुरू झाली? यातल्या एकाच प्रश्नाचं उत्तर सापडलं म्हणून थांबू नका, कारणं सहसा दोन-तीन एकत्र असतात.

आई ८२ वर्षांची, मधुमेह आणि रक्तदाब आहे. दोन दिवस नुसती पडून आहे. बोललं तर ‘हूं’ करते, घास तोंडात धरून ठेवते. त्रास काहीच देत नाही. शेजारचे म्हणतात, वय झालं. थांबावं का? (बार्शी)

थांबू नका. पत्र छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला लगेच कळवलं होतं. इथे सगळ्यांसाठी लिहितो.

आरडाओरडा करणारा रुग्ण सगळ्यांना दिसतो. शांत पडून राहणारा डिलिरियम दिसत नाही, आणि वृद्धांमध्ये तोच जास्त असतो. ‘त्रास काहीच देत नाही’ हेच इथे घात करतं. घरचे म्हणतात थकली, डॉक्टर म्हणतात उदास आहे, आणि तोपर्यंत न्यूमोनिया पसरलेला असतो किंवा साखर ४० वर आलेली असते.

घरी पाच मिनिटांत करता येण्यासारखं : ग्लुकोमीटरने साखर पाहा. ७० च्या खाली कमी, ५४ च्या खाली धोक्याची. पूर्ण जागी असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. पेंगत असेल तर तोंडात काहीही ओतू नका, ठसका लागून ते फुप्फुसात जातं. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लमाइडसारख्या गोळ्या चालू असतील तर साखर वर आली तरी दवाखान्यात न्या. मूत्रपिंड मंद झालेलं असताना या गोळ्यांचा परिणाम दिवसभर, कधी त्याहून जास्त टिकतो आणि साखर पुन्हा कोसळते. बोटाला ऑक्सिमीटर लावा, ताप मोजा. वृद्धांना न्यूमोनिया होऊनही ताप येत नाही, तेव्हा ताप नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. शेवटची लघवी केव्हा झाली ते पाहा.

साखर ठीक निघाली तर आमचा पुढचा संशय सोडियमवर असतो. रक्तदाबाच्या अनेक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं : हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड. त्यात कुणीतरी आळणी जेवायला सांगितलेलं, मग दोन दिवस जुलाब. सोडियम १३५ ते १४५ असावं लागतं, ते ११८ वर येतं आणि माणूस पेंगायला लागतो. मात्र ‘मीठ कमी आहे तर मीठपाणी पाजा’ हा घरगुती उपाय करू नका. फार दिवस कमी राहिलेलं सोडियम झपाट्याने वाढवलं तर मेंदूच्या देठाला कायमची इजा होते. म्हणून २४ तासांत साधारण ८ ते १० एककांपेक्षा जास्त वाढू न देता, दर चार-सहा तासांनी रक्त तपासत ते भरून काढतात. रुग्णालयात ‘एवढं साधं मीठ भरायला चार दिवस कशाला?’ असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर.

मी बंगळुरूला, बाबा साताऱ्याजवळच्या गावी. आठवड्याभरात फोनवर असंबद्ध बोलायला लागलेत. तिथल्या डॉक्टरांनी ‘विसरण्याचा आजार’ म्हणून गोळी सुरू केली. हा फरक लांबून कसा ओळखायचा?

स्मृतिभ्रंश महिन्यांनी, वर्षांनी चढत जातो. त्यात सुरुवातीला लक्ष बऱ्यापैकी शाबूत असतं. माणूस तुमच्याशी नीट गप्पा मारतो, पण मघाशी काय जेवला ते सांगता येत नाही. डिलिरियममध्ये गप्पाच होत नाहीत, वाक्य अर्ध्यावर सुटतं. आठवड्याभरात स्मृतिभ्रंश ‘सुरू’ होत नाही. आठवड्याभरात बिघडलेल्या माणसाला विसरण्याची गोळी सुरू करणं म्हणजे खरा आजार झाकून ठेवणं. स्मृतिभ्रंश आधीपासून असला तरी त्यावर डिलिरियम चढू शकतो, किंबहुना अशाच माणसांना तो जास्त होतो. तेव्हाही प्रश्न तोच : परवा कसे होते?

एडिंबरोच्या डॉक्टरांनी तयार केलेली ‘४एटी’ नावाची एक छोटी चाचणी आहे, दोन मिनिटांची. त्यात जागेपणा पाहतात. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू वर्ष विचारतात. बारा महिने उलट म्हणायला सांगतात, सात किंवा जास्त बरोबर आले तर ठीक. आणि बदल अचानक झाला का, ते नातेवाइकाला विचारतात. जागेपणा स्पष्ट बिघडलेला असेल तर ४ गुण, बदल अचानक असेल तर ४ गुण. एकूण ४ किंवा जास्त म्हणजे डिलिरियम असण्याची शक्यता बरीच. म्हणजे नातेवाइकाचं एक वाक्य एकट्याने चाचणी भरवू शकतं.

व्हिडिओ कॉलवर बाबांना आठवड्याचे वार रविवारपासून उलटे म्हणायला सांगा. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे जमतं. गावाकडच्या म्हाताऱ्यांना जानेवारी-फेब्रुवारीपेक्षा चैत्र-वैशाख पाठ असतात, तेव्हा फाल्गुनापासून उलटे विचारले तरी चालेल. चुका मोजण्यापेक्षा ते मध्येच हरवतात का, पुन्हा पुन्हा आठवण करून द्यावी लागते का, ते बघा. जन्मतारीख चुकली तर फार मनावर घेऊ नका, त्या पिढीत अनेकांची एक जूनच असते. हीच परीक्षा सकाळी आणि संध्याकाळी घ्या. दोन्ही वेळच्या कामगिरीत मोठा फरक दिसला तर तालुक्याच्या नाही, जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिशियनकडे त्याच दिवशी पाठवा.

डॉक्टरांनी सीटी स्कॅन केलाच नाही, नुसती रक्त-लघवी तपासली. मेंदूचा प्रश्न असताना हे बरोबर आहे का? (अकोला)

बहुतेकदा बरोबर. आधी साखर, ऑक्सिजन, रक्तदाब, ताप. मग रक्तपेशी, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, मूत्रपिंड आणि यकृत, छातीचा एक्स-रे, ईसीजी. पावसाळ्यात मलेरिया-डेंग्यू. जुनी सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार, असेल तर धमनीतल्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड, कारण तो साठला की माणूस पेंगतो आणि ऑक्सिमीटर मात्र कधीकधी समाधानकारक आकडा दाखवतो. सीटी हवा तो पडल्यावर डोक्याला मार असेल तर, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर, एका बाजूची ताकद कमी असेल तर, किंवा काहीच कारण सापडत नसेल तर. म्हाताऱ्या माणसात किरकोळ पडण्यानंतर तीन-चार आठवड्यांनीही कवटीखाली रक्त साठलेलं आढळतं, तेव्हा ‘महिन्यापूर्वी पडले होते’ हेही सांगा. ताप आणि मान ताठ असेल तर पाठीतलं पाणी तपासतात. डोळे एकटक, पापणी फडफडणं, मध्येच ओठ चावणं असं दिसलं तर ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख काढतात, कारण झटके न दिसणारी फिटही अशीच दिसते.

लघवीच्या रिपोर्टबद्दल एक सावधगिरी. वयस्क बायकांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात. ‘लघवीत इन्फेक्शन निघालं’ की सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात, अँटिबायोटिक सुरू होतं आणि खरं कारण शोधणं थांबतं. ताप, जळजळ, कमरेत दुखणं यांपैकी काही नसेल तर शोध चालू ठेवायला सांगा.

औषधांमुळे असं होतं का? आईच्या डब्यात अकरा गोळ्या आहेत. (ठाणे)

होतं, आणि कारणांपैकी सर्वांत सहज दुरुस्त होणारं हेच आहे. अकराच्या अकरा गोळ्या, त्यांच्या पट्ट्यांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ओता. यादी लिहून नेऊ नका, यादीत सर्दीची गोळी कुणी लिहीत नाही.

आणि नेमकी तीच गोळी अनेकदा दोषी निघते. ॲसिटिलकोलीनचं काम अडवणारी औषधं घराघरात आहेत : सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन, ‘एविल’ म्हणून ओळखलं जाणारं फेनिरामिन, खोकल्याच्या काही औषधांतलं डायफेनहायड्रामिन, उलटीसाठी दिलेलं प्रोमेथाझिन, हात कापतात म्हणून दिलेलं ट्रायहेक्सिफेनिडिल, झोप आणि मज्जातंतूंच्या दुखण्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलीन, लघवी धरत नाही म्हणून दिलेलं ऑक्सिब्युटिनिन. एकेक डॉक्टर एकेक गोळी देतो, बेरीज कुणी करत नाही. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी पेंटाझोसिन आणि प्रोमेथाझिन एकत्र टोचायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. तरुणाला ती चालून जाते, पण ऐंशीच्या माणसाला देण्याआधी डॉक्टरांनी दोनदा विचार करावा असं आमचं स्पष्ट मत आहे. त्याखेरीज ट्रॅमाडॉल, जास्त मात्रेतली स्टिरॉइड्स, आणि झोपेच्या गोळ्या : अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम.

झोपेच्या गोळीचा फास दुहेरी आहे. नवीन सुरू केली तर भ्रम होतो. दहा वर्षं रोज घेतलेली रुग्णालयात दाखल होताना कुणी सांगितली नाही आणि अचानक बंद पडली, तरी दोन-तीन दिवसांत भ्रम होतो. म्हणून ती लपवू नका आणि आपल्या मनाने थांबवूही नका.

याच जातीचा गावठी नमुना म्हणजे धोतरा. पालेभाजीत चुकून मिसळलेली पानं किंवा दम्यावर कुणी सांगितलेला पानांचा उपाय यांमुळे धडधाकट माणूसही काही तासांत बरळायला लागतो. बी दिसायला मिरचीच्या बीसारखं असतं. तोंड कोरडं ठक्क, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, कातडी लाल-गरम पण घाम नाही, लघवी तुंबलेली, आणि हवेतले अदृश्य दोरे ओढणं असं एकत्र दिसलं तर घरात काय शिजलं ते डॉक्टरांना सांगा.

आयसीयूत वडिलांचे हात बांधून ठेवले होते. शांत करणारं इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी ते दगडासारखे पडून होते. याला उपचार म्हणायचं का? (नाशिक)

कोणत्याही रुग्णालयाची बाजू घेत नाही, पण नळी ओढून काढणाऱ्या माणसाची भीती परिचारिकेला का वाटते हेही समजून घ्या : मध्यरात्री एका परिचारिकेकडे आठ-दहा रुग्ण असतात. तरीही हात बांधल्याने भ्रम वाढतो आणि झटापटीत इजा होते, हे नक्की. बांधलेला माणूस समजतो की आपल्याला पकडून ठेवलंय. लघवीची नळी हेही एक बांधणंच आहे. गरज संपली की ती त्याच दिवशी काढायला सांगा.

इंजेक्शन बहुधा हॅलोपेरिडॉलचं असतं. वृद्धांसाठी त्याची सुरुवातीची मात्रा पाव ते अर्धा मिलिग्रॅम. आपल्याकडे त्याची एक कुपी ५ मिलिग्रॅमची येते आणि घाईत अख्खी टोचली की दुसऱ्या दिवशी माणूस ताठरतो, पेंगतो, गिळताना ठसका लागतो. पार्किन्सन किंवा लेवी बॉडी स्मृतिभ्रंश असेल तर हे औषध देऊच नये. गरजच पडली तर क्वेटियापिन साडेबारा मिलिग्रॅमसारख्या लहान मात्रेत देतात. ईसीजीतलं क्यूटी अंतर (हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सांगणारं माप) आधी पाहायचं. ही औषधं डिलिरियम बरा करत नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत आयसीयूतल्या रुग्णांना हॅलोपेरिडॉल, झिप्रासिडोन किंवा औषध नसलेलं इंजेक्शन दिलं. डिलिरियमचे दिवस तिन्ही गटांत सारखेच राहिले. रुग्णाला स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, फार भेदरला असेल आणि समजावून उपयोग होत नसेल, तेव्हाच लहान मात्रा, थोडे दिवस. रात्री झोपावं म्हणून लोराझेपाम तर नकोच. त्याला अपवाद दारू किंवा झोपेची गोळी सुटल्याचा डिलिरियम.

मग काम कशाने होतं? ऐकायला फार साधं वाटेल. अमेरिकेत येल विद्यापीठाशी जोडलेल्या रुग्णालयात सत्तरीपुढच्या ८५२ रुग्णांवर केलेला अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. चष्मा, श्रवणयंत्र, पाणी, झोप, चालणं, दिवस-वार सांगत राहणं एवढ्याचीच शिस्त लावलेल्या गटात डिलिरियम ९.९ टक्के, नेहमीच्या देखभालीत १५ टक्के. एकदा झालेला त्याने लवकर उतरला असं त्यात दिसलं नाही. टाळण्यात फायदा मोठा, म्हणून हे दाखल झाल्या दिवसापासून करा.

चष्मा, कानाचं यंत्र, त्याचे जादा सेल, कवळी ही पहिल्या तासात आणा. चोरीला जाईल म्हणून घरी ठेवतात. नाव लिहिलेल्या डब्यात ठेवा. पलंगासमोर मोठ्या आकड्यांचं घड्याळ आणि रोज पान फाडायचं कॅलेंडर. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवे मंद. रात्री दोन वाजताचा रक्तदाब आणि सहाची गोळी एकत्र करता येईल का, ते सिस्टरना विचारा. शक्य असेल तर रोज तीन वेळा खुर्चीत बसवा, जेवण खुर्चीतच. पाणी जवळ ठेवून उपयोग नाही, दर तासाला हातात द्यावं लागतं; पाण्यावर बंधन असलेल्या हृदय-मूत्रपिंडाच्या रुग्णांत डॉक्टर सांगतील तेवढंच. ओळखीचा एकच माणूस जवळ असावा, दहा पाहुणे नकोत. बोलताना समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा आणि एका वेळी एकच वाक्य बोला : ‘बाबा, मी सुनील. आपण दवाखान्यात आहोत. पायाचं ऑपरेशन झालंय.’ भिंतीवर मुंग्या नाहीतच, असा वाद घालू नका; आहेत म्हणून झाडूही आणू नका. ‘तुम्हाला भीती वाटतेय, मी इथेच आहे’ म्हणा आणि विषय वळवा. ‘मला ओळखलं का? सांगा बघू कोण?’ ही भेटायला आलेल्यांची परीक्षा बंद करा. त्याने माणूस फक्त खजील होतो.

धाकटा भाऊ ३८ वर्षांचा, गाडीवरून पडून पाय मोडला. तिसऱ्या दिवशी थरथर, घाम, अंगावर साप येताहेत म्हणून पलंगावरून उडी. तो पितो हे आम्ही डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. (इचलकरंजी)

लाज वाटली असेल, पण या एका लपवण्याने जीव जाऊ शकतो. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की ६ ते २४ तासांत थरथर आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत कधीही फिट, आणि ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे दारू तुटल्याचा डिलिरियम. नेमका ऑपरेशननंतरचा तिसरा दिवस! डॉक्टर जखमेत, रक्तात कारण शोधत बसतात.

सांगताना आकडा सांगा. ‘कधीमधी घेतो’ याला काही अर्थ नाही. रोज किती क्वार्टर, शेवटची केव्हा, पूर्वी कधी तुटल्यावर फिट आली होती का. व्हिस्कीच्या १८० मिलिलिटरच्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, त्यावरून औषधाचा अंदाज बांधता येतो. इथे डायझेपाम किंवा क्लोरडायाझेपॉक्साइड हेच मुख्य औषध, यकृत खराब असेल तर लोराझेपाम. एकटं हॅलोपेरिडॉल दिलं तर फिटची शक्यता वाढते. सोबत थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शिरेतून, ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी किंवा बरोबर. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर डोळे फिरणं, तोल जाणं आणि कायमचा विसर मागे राहू शकतो. गोळीतून ते नीट शोषलं जात नाही.

मे महिन्यात शेतातून आलेले काका असंबद्ध बोलत होते. पाणी पाजलं, झोपवलं. बरोबर केलं का? (चंद्रपूर जिल्हा)

उन्हातून आलेल्या तापलेल्या माणसाचं बोलणं बिघडलं की उष्माघातच समजा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४ फॅरेनहाइटच्या पुढे आणि मेंदूवर परिणाम, ही त्याची व्याख्याच आहे. काखेतला थर्मामीटर कमी दाखवतो. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असंही नाही. शुद्ध बिघडलेल्याला पाणी पाजायचं नाही. सावलीत आणून कपडे काढा, अंगभर पाणी ओतत राहा, जोरात वारा घाला, मान-काख-जांघेत बर्फ लावा, आणि १०८ ला फोन करा. पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. गाडी येईपर्यंतची वीस मिनिटं गार करण्यातच घालवा.

हे किती दिवस टिकतं? उतरल्यावर आठवतं का? (कोथरूड, पुणे)

कारण सापडून दूर झालं तर बहुतेकांचा काही दिवसांत ते दोन आठवड्यांत उतरतो. मेंदू मागे रेंगाळतो : सोडियम मंगळवारी नीट झालं म्हणून माणूस बुधवारी नीट होत नाही. वृद्धांत कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. पूर्ण उतरण्याआधीच घरी सोडतात. घरी पहिले दोन आठवडे रात्री सोबत हवी, गोळ्या दुसऱ्या कुणाच्या हातून, गॅस आणि गाडीची किल्ली लांब. ज्याला डिलिरियम झाला त्याला पुढे स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता वाढते. दोन-तीन महिन्यांनी स्मरणशक्तीची तपासणी करून घ्या. त्याआधी केलेली तपासणी फसवी असते.

आठवतं, पण तुकड्यातुकड्याने, आणि भीतीदायक तुकडे जास्त. सूनबाईला शिव्या दिल्या हे आठवून आजोबा गप्प होतात. ‘तेव्हा तुम्हाला वात झाला होता’ हे कुणीतरी मोकळेपणाने सांगावं लागतं.

आजोबा अशा अवस्थेत असताना काकांनी मृत्युपत्रावर अंगठा घेतला. तो धरला जाईल का? (नाव-गाव देऊ नये)

कायद्याचा सल्ला वकिलाकडून घ्या, वैद्यकीय बाजू एवढी. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ५९ नुसार, आजारपणामुळे आपण काय करतोय हे ज्याला कळत नाही त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही. याच कलमात, एरवी भ्रमिष्ट असलेला माणूसही शुद्धीच्या काळात ते करू शकतो, असंही म्हटलं आहे. डिलिरियम कमी-जास्त होत असल्याने दोन्ही बाजूंना बोलायला जागा मिळते. म्हणून त्या तारखेच्या केसपेपरची पूर्ण प्रत मागा, विशेषतः परिचारिकांच्या नोंदी. रुग्ण कोणत्या वेळी बडबडत होता, केव्हा इंजेक्शन दिलं, हे तासावार त्यांतच लिहिलेलं असतं.